कुंपणावरचा अडुळसा

तिसरी रात्र. नाक चोंदलेलं.
जिनिंगमधला सगळा कापूस
घशात भरून आणलाय की काय!
एक शिंक. मग लागोपाठ सात.
पलीकडे भोयरांचा रेडिओ बंद झाला.

बोलणं तर दोन वर्षांपासून बंद,
हातभर जागेवरून.
तलाठी आला, फीत आली,
दोन्हीकडून ओढून मोजलं
तरी अडुळसा नेमका मधेच निघाला.
बुड त्यांचं,
फांद्या आमच्याकडे कललेल्या.

सकाळी दारात पळसाच्या पानावर
अडुळशाची सात-आठ पिकली पानं,
सुंठेचं बोटभर कांडं,
आणि फडक्यात भाजलेला ओवा, अजून कोमट.
माणूस कुठंच नाही.
कुंपणाआड कौतिकाबाई
बकरीला सांगत होती,
'चार गिलास पाण्याचा एक होऊ द्यावा,
गूळ शेवटी टाकावा.
अन् रातभर शिंकून
लोकाईची झोप खराब करू नये, बाप्पा!'

काढा कडूजहर.
पुरचुंडी छातीवर ठेवून पडून राहिलो.
तिच्यानं म्हणा की तिसऱ्या दिवसानं,
दुपारी डावी नाकपुडी मोकळी झाली
आणि पहिला वास आला तो
भोयरांच्या चुलीवर उकडणाऱ्या
तुरीच्या शेंगांचा.

दिवेलागणीला पलीकडून खोकला.
कोरडा. खुद्द भोयरांचा.
मी आमच्या बाजूची पानं खुडली,
पुसली, कुंपणावर ठेवली.
उभा राहिलो.
गुळाचं सांगायचं होतं,
पण आमच्याकडे
बकरी नाही.