डागणी

कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, गुरांची खूण काय?
बाबांना इंग्रजी एवढंच येई : हो, नाही, किती.
ते म्हणाले, किती?
रांग हसली.

रात्री आईने पेटीतून लोण्याची डबी काढली,
नॉर्वेहून आलेली, बुडाशी कोरलेली :
दोन तिरप्या रेघा, वर एक चोच.
तिच्या आजोबांची खूण. कुऱ्हाडीच्या दांड्यावर, होडीवर,
शेवटी थडग्याच्या फळीवरही तीच,
अक्षर न येणाऱ्यांची सही.
"ही दे," म्हणाली. "गुरांनाही वाचता येईल."

लोहाराने ती उलटी घडवली.
चोच खाली.
नवी करायला दोन डॉलर, आणि दोन डॉलर म्हणजे पीठ.
बाबा तीन दिवस बोलले नाहीत.
मग एकशे बारा गुरं आम्ही उलट्या नावाने डागली.
आस्लाक पाय धरायचा, मी जाळ.
जळक्या केसांचा तो वास अजून येतो,
आणि त्याच संध्याकाळी लागलेली ती भूक,
तिची अजून लाज वाटते.

लग्नातला चांदीचा डाग आईने बोटीच्या तिकिटासाठी मोडला होता.
कुंपणाशी उभी राहून म्हणाली,
"हे बघ माझे डाग, चरताहेत."

त्या हिवाळ्यात बर्फावर काचेसारखी साय धरली.
गुरं घराशी आली.
भिंतीवरचा डांबरी कागद खाऊ लागली,
आतून आम्ही ऐकायचो,
फळीपलीकडे दात.
रान्नवेग विचारायची, त्यांना आत का घेत नाही?
तिला कुणी उत्तर दिलं नाही.
मी तिचे कान झाकायचे. माझे कोण झाकणार.

मसलशेल नदी फुटली तेव्हा
एकोणीस उभी होती.
बाकीच्यांची कातडी सोलायला मे महिना लागला.

आईने एक तुकडा विकू दिला नाही, खुणेचा.
दाराला बिजागरी नव्हती, दोरीच होती दोन वर्षं.
तिने तो कापला, खिळे तोंडात धरून,
फिरवून ठोकला.
चोच वर.

बाबांनी पाहिलं. काही म्हणाले नाहीत.
दार उघडलं, लावलं,
पुन्हा उघडलं,
पुन्हा,
शेवटी आई चुलीपासून ओरडली,
लावा ते, सगळी थंडी आत येतेय.