समक्ष

दारव्ह्याला तहसीलच्या भिंतीला लागून
टिनाच्या शेडमध्ये माझं टेबल होतं.
त्यावर रजिस्टर, शाईचा पॅड, पितळी शिक्का,
आणि तिकिटं ओली करायचा स्पंज,
जो एप्रिलात सकाळी दहालाच सुकायचा.
मग जीभ लावायचो.
एकवीस वर्षं त्या गोंदाच्या चवीवर जेवलो.

रबरी शिक्क्यात एक ओळ आधीच कोरलेली असते:
माझ्यासमक्ष सही केली.
कायद्यानं माझ्यावर सोपवलेलं एवढंच वाक्य.
शपथ त्यांची, नाव त्यांचं, खोटं असेल तर तेही त्यांचंच.
माझं फक्त समक्ष.

गुणवंता गठ्ठा आणून ठेवायचा.
उत्पन्नाचे, जन्मतारखेचे, नाव बदलल्याचे,
कोणाच्या पोराच्या ॲडमिशनचा आज शेवटचा दिवस.
धप. धप. दोन वाजेपर्यंत साठ व्हायचे.
माणसं पाहत बसलं की वेळ लागतो.

अनुक्रमांक आठशे बारा.
पंचफुलाबाई गावंडे, वडिलांच्या शेतातला हिस्सा
राजीखुशीनं सोडून देते.
खाली अंगठा, जांभळा, थोडा घसरलेला.
ओळख पटवणारा, भाऊ शेषराव.
पन्नास रुपये. मला आठवतसुद्धा नाही.

नागपुरात शिस्तपालन समितीसमोर
माझ्या वकिलानं चांगलं मांडलं.
अशिलानं कवडीचाही लाभ घेतलेला नाही,
हेतू नव्हता, फार तर हलगर्जी.
हलगर्जी!
हा शब्द मी जन्मभर एसटीच्या ड्रायव्हरांविरुद्ध वापरला.
अपघाताच्या प्रत्येक दाव्यात, तिसऱ्या परिच्छेदात.

अध्यक्षांनी तिला विचारलं, बाई, यांना ओळखता?

"वळखतो नं.
त्या दिवशी मी तठीच निंबाखाली बसून होतो.
भाऊ म्हणे, मायच्या निराधारचं काम हाय, तू सावलीत बस.
मी पाहो यायच्याकडं घडीघडी.
दुपट्ट्यानं मान पुसत, गिलासातली माशी काहाडून पानी पेत.
मले वाटे, आता बलावतीन, मंग बलावतीन.
यायनं वर पाह्यलंच नाही."

निंबापासून टेबल वीस पावलं.
मी मोजली नव्हती कधी. तक्रारीच्या नकाशात होती.
अंगठा कोणाचा, ते पोलीस पाहतील म्हणे.
माझ्यापुरतं एवढंच ठरलं, की त्या दुपारी
मी तिच्यासमक्ष होतो
आणि ती माझ्यासमक्ष नव्हती.

सनद सहा महिने बंद. शिक्का जमा करा.
लाभशेटवार, काही म्हणायचंय?
माशी खरी होती, एवढंच मनात आलं.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या दोन सीट पुढे.
अर्धं तिकीट काढलं, तिकीट बांगडीत खोचलं.
डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे तिची.
चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला.
बियाण्याच्या कंपनीची पिवळी पिशवी, तिच्यात
कोर्टाचे कागद आणि संत्री, बहुतेक सहा.
सेलूच्या पुढे तिला डुलकी लागली तेव्हा
ओठ किंचित हलत होते.
हे सगळं मी आता शपथेवर सांगू शकतो.
कोणी विचारत नाही.

कळंबला ती उतरली. मागे वळून पाहिलं नाही.
तिचं पाहून झालेलं होतं.

गाडी सुटल्यावर कंडक्टर आला,
तिकिटामागे लिहून दिलेले वीस रुपये परत करायला.
साहेब, हे घ्या, म्हणाला.
नोट हातात येईपर्यंत मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो.
उजव्या भुवईत व्रण होता. जुना, टाक्यांचा.
काय झालं, त्यानं विचारलं.