एक दिवा, डावीकडून

रामोशी गेटजवळच्या माझ्या दुकानात
दिवसभर मी माणसं गुळगुळीत करतो.
नवरदेवाच्या गालावरचे खड्डे बुजवतो,
पोलीस भरतीच्या पोरांना पांढरी भिंत देतो,
वडिलांनी न सांगताच
स्थळं बघणारी मुलगी दोन छटा उजळ करतो.
पासपोर्ट आठ प्रती, साठ रुपये.

शटर अर्धं खाली ओढलं की मग
एकच दिवा. डावीकडून, खांद्याच्या जरा वर.
त्याच्या तोंडाला पावडरचा कापलेला डबा,
आतून काळा रंगवलेला,
म्हणजे उजेड सांडत नाही,
नळाच्या धारेसारखा नेमका पडतो.
उजवीकडे काळी चादर,
भिंतीनं चुकूनही त्यातला थेंब परत देऊ नये म्हणून.

नरसव्वा बोद्दुल आली ती हयातीच्या दाखल्यासाठी.
एकोणपन्नास वर्षं विड्या वळल्या.
बँकेतल्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही,
टेंभुर्णीच्या पानांनी ठसा केव्हाच पुसून नेलाय.
"फोटो लावा म्हणाले फॉर्मवर.
मी जिवंत आहे असा काढ."

तो काढला. मग विचारलं,
मावशी, अजून एक? माझ्यासाठी. पैसे नकोत.
ती स्टुलावर बसली, पदर सारखा करायला लागली.
म्हटलं, राहू दे.
"एका बाजूचा बल्ब गेलाय काय रे तुझा?"
हसली,
आणि हसू ओसरता ओसरता मी बटण दाबलं.

तीन रात्री तो चेहरा स्क्रीनवर.
आधी रंग काढून घेतला.
कुंकू काळं पडलं, पोपटी लुगड्याची राख झाली.
मग काळ्यात अजून काळं.
क्लॅरिटी चाळीस, साठ, पंच्याऐंशी,
आणि मे महिन्यात मुठेचं पात्र उघडं पडतं
तसा गाल वर आला, दगडगोट्यांसकट.
डोळ्यांखालच्या पिशव्या माऊसच्या टोकानं जाळत गेलो,
गालफडाचं हाड उजळत गेलो,
वरून चिमूटभर ग्रेन, मिठासारखं.
डाव्या भुवईवर एक खूण सापडली.
तिरपी, तांदळाच्या कणीएवढी, जुन्या जखमेची.
तिसरी रात्र सगळी तिलाच दिली.
तिला धार लावली.
पानं कापायची कात्री लागली असेल,
नाहीतर नवरा.
माझ्याकडे गोष्टच तयार झाली.
बारा बाय अठरा, मॅट कागद.

दाखला मिळाला हे सांगायला ती डोकावली.
प्रिंट आधी हातभर लांब धरली, मग नाकाशी आणली.
सुरकुत्यांबद्दल काही बोलली नाही.
अर्ध्या तोंडावरच्या काळोखाबद्दलही नाही.
ठसा नसलेलं बोट भुवईवर ठेवलं.
"हे माझं नाही."

मी म्हटलं, उजेड असा तिरपा आला
की जुनं जुनं दिसायला लागतं, मावशी.
"चौऱ्याहत्तर वर्षं हे तोंड मी धुते.
तुझं काहीतरी असेल बघ."

ती गेल्यावर लेन्स काढली.
आत टॉर्च धरला, सवयीनं डावीकडूनच.
होता. कापसाचा एक तंतू, सेन्सरला चिकटलेला.
मागचे फोटो उघडत गेलो.
दिवाळीपासून सगळ्यांत तो होता,
सणस मंडळींच्या नवरीच्या शालूवर,
भरतीच्या पोरांमागच्या भिंतीवर,
बारशाच्या पाळण्यावर.
रोज मीच त्याला पुसत आलो होतो,
न बघता, गुळगुळीत करण्याच्या ओघात.

प्रिंट तिनं नेली नाही.
पासपोर्टच्या उरलेल्या प्रती तेवढ्या मोजून घेतल्या.

फुंकणीनं दोनदा फुंकलं.
गेला की नाही
ते उद्या सकाळी पांढऱ्या भिंतीवर कळेल.