रडलंस काय गो

सर्जेकोटच्या बंदरावर मला ओळखतात
ते डोळ्यांवरून.
बर्फ कारखान्याच्या खिडकीत मी लाद्यांचा हिशेब लिहिते,
आणि ट्रॉलरवर नवा आलेला प्रत्येक खलाशी
पहिल्या दिवशी विचारतोच,
"रडलंस काय गो वैनी?"

नाही रे बाबा.
बावीस लाद्या. सही कर.

अकरा वर्षं झाली.
पहाटे पापण्या चिकटलेल्या,
केसांच्या मुळाशी पिवळट चिपडं,
परातीला वाळलेल्या खवल्यांसारखी.
एक डोळा बोटांनी सोडवायचा, मग दुसरा,
तोवर चूल कुठे, तांब्या कुठे, सगळं अंदाजाने.
दिवसभर वाळू. वाळू नसताना वाळू.

खारा वारा, म्हणाले. दृष्ट, म्हणाले.
रांजणवाडी आली तेव्हा नणंदेने लसूण चोळायला दिली
(दोन दिवस तिच्याशी बोलले नाही).
मेडिकलमधले थेंब झाले, गुलाबपाणी झालं,
देवीला चांदीचे डोळे वाहून झाले.
ते अजून लख्ख आहेत. एकदा जाऊन बघितले.

शेवटी कुडाळला, शिरसाट बाईंकडे.
हनुवटी यंत्रात, कपाळ पट्टीला.
बाईंनी पापणीची कड जराशी दाबली आणि म्हणाल्या,
"इथून तेल यायला हवं. येतंय बघा काय, टूथपेस्ट."
मग विचारलं, "पौषात तुमची खोबरेलाची बाटली कशी असते?"
गोठलेली.
"मग काय करता?"
उन्हात ठेवते.
"तेच करायचं."

पापणीच्या काठाने ओळीत बारीक बारीक ग्रंथी,
प्रत्येक मिटण्याबरोबर तेलाचा पातळ पापुद्रा डोळ्यावर,
तो नसला तर पाणी टिकत नाही,
आणि पाणी टिकलं नाही की डोळा घाबरतो,
भसाभस आणखी आणतो.
म्हणजे कोरडे आहेत म्हणून वाहतात?
"हो."
मी त्या खुर्चीत बसून इतकी हसले
की बाहेरचे पेशंट डोकावले.

बरं कधी होणार, हे विचारायचं राहिलंच होतं.
दारातून परत फिरून विचारलं.
"होणार नाही. आटोक्यात राहील. रोज केलंत तर."

एसटीत राग आला. कट्ट्यापर्यंत टिकला.
मग दाऊद मिस्त्रीचं आठवलं,
होडी वाळूवर आडवी घालून
बुडाचे शिंपले खरवडताना तो म्हणाला होता,
"लाकूड बरा होना नाय, वैनी. राखूचा लागता."

तर आता राखते.
गरम पाण्यात फडकं, पिळून, मिटल्या डोळ्यांवर.
दहा मिनिटं.
चौथ्यालाच निवतं, परत बुडवायचं.
मग बोटाने वरची पापणी खाली, खालची वर, हलक्या हाताने,
मग ओल्या कापसाने कड पुसायची.
दिवसभर बर्फ विकते
आणि सकाळी चुलीपाशी ऊब धरून बसते, काय म्हणावं.
आठवडाभर चुकवलं तर वाळू परत.
चुकवते मी. लिलावाच्या दिवसांत चुकतंच.

त्या दहा मिनिटांत काळोखात एक गोष्ट येते.
आमची होडी विकली तो दिवस.
मालवणच्या स्कूबावाल्याने घेतली,
आमच्या देखत पिवळा रंग फासला,
नाव खरवडलं.
मी कारखान्यात येऊन खिडकीत बसले
आणि संध्याकाळपर्यंत खरोखर रडले,
वहीत शाई पसरली, चौदाचे चाळीस वाटले मालकाला.

सगळं बंदर खिडकीसमोरून गेलं.
कुणी विचारलं नाही.
रोजचेच डोळे ते.

आज एक नवा पोरगा आला, रेडीचा की कुठचा.
अठरा लाद्या.
सही केली, पावती घडी घालून खिशात ठेवली,
काही बोलला नाही.
मीच दोनदा वर बघितलं.