काज

माझ्या दुकानात चौदा हजार बटणं पडून आहेत.
शिंपल्याची, शिंगाची, चिनी प्लास्टिकची.
काही वडिलांच्या वेळची,
ज्यांचा रंग आता कुठल्याच कापडाला चालत नाही.

मला कळलं ते खातेवहीतून.
हफ्त-ए-तीर चौकातली तूबा खानम
दर नवरोजला साठ ग्रोस न्यायची.
त्या वर्षी वीस नेली. पुढच्या वर्षी दोन.
"मान्तो आता पुढून उघडाच खपतो," म्हणाली,
"पोरी अंगात घालतात, आरशापुढे एक गिरकी,
आणि पैसे मोजतात."

कुणी घोषणा दिली नव्हती.
कुणी ठरवलंही नसेल.
एकीनं उकडतंय म्हणून खालचं बटण सोडलं,
दुसरीनं ते पाहून त्याच्या वरचं,
तिसरी शिवायला टाकतानाच म्हणाली, राहू द्या.
एवढंच. राहू द्या.
माझा अर्धा धंदा या दोन शब्दांनी खाल्ला.

मग फर्मान आलं:
उघडा डगला शिवणं, टांगणं, विकणं बंद.
दोन माणसं दुकानं हिंडली, एकाच्या हातात टेप.
खोटं कशाला बोलू,
मी मनातल्या मनात टेपवाल्याला दुवा दिला.
तूबा खानमनं ऐंशी ग्रोस उचलली,
रोख, घासाघीस न करता.
तेव्हाच शंका यायला हवी होती.

रिळं पोचवायला तिच्या तळघरात गेलो.
मान्तो रांगेनं टांगलेले,
प्रत्येकावर पाच बटणं, पलटणीसारखी ताठ.
सवयीनं समोरच्या काठावर बोट फिरवलं.
पुन्हा फिरवलं.
काज नव्हतं.
दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावरही नाही.

"फर्मानात बटणं लिहिलीत,"
दातात धागा धरून ती म्हणाली,
"काजाचं कुठे लिहिलंय, दाखवा."

कोपऱ्यात काजाचं मशीन, वर चादर.
ते चालवणारा कुदरत आता फळांच्या पेट्या उचलतो.
भेटला की हसतो, पण हात खिशातून काढत नाही.
या गोष्टीत त्याला कुठे बसवायचं
मला अजून कळलेलं नाही.

काल एक विद्यार्थिनी आली.
म्हणाली, पाच द्या, पण एकसारखं एकही नको.
"जुळायला नकोत?"
"लावायचीच नाहीत, तर जुळायची कशाला?"

मी शिडी लावली.
वरच्या फळीवरून वडिलांचा तो डबा काढला,
जोडीदार हरवलेल्या बटणांचा,
फेकायचा म्हणून तीस वर्षं ठेवलेला.
ती अर्धा तास निवडत बसली.
संध्याकाळी तिच्या तीन मैत्रिणी आल्या.

आज सकाळी डब्यावर चिठ्ठी लावली आहे:
विजोड. भाव दीडपट.

टेपवाला येऊन गेला.
त्यानं बटणं मोजली,
चिठ्ठी वाचली,
आणि कशावर बोट ठेवावं ते न सुचून
टेप गुंडाळत राहिला.