इस्त्रीची वेळ

आमच्या त्रिपोलीत, लेबनॉनमधल्या,
वीज गेली असं कुणी म्हणत नाही.
आली, असं म्हणतात,
आणि मग अख्खी इमारत धावत सुटते,
कुणी पंपाकडे, कुणी बंबाकडे,
कुणी नुसतंच लिफ्टमध्ये उभं राहून घेतं.

बाकी वेळ नझीहचा जनरेटर.
आठ वर्षं त्याची वायर माझ्या खिडकीतून आत.
पाच अँपिअर. पैसे डॉलरमध्ये,
डिझेलचा धूर फुकट.
पाचात फ्रिज बसतो, दोन दिवे बसतात,
शिलाईचं मशीन कसंबसं.
इस्त्री बसत नाही.
इस्त्री म्हणजे मुक्कामाला आलेला जावई,
त्याचं पोट भरेपर्यंत
बाकीच्यांनी अंधारात बसायचं.

आणि मी शिवते लग्नाचे झगे.
चुरगळलेला झगा कोण नेईल?

मग गच्चीचा विषय निघाला.
गच्ची अबू फव्वाझच्या कबुतरांची,
तो आठवडाभर कुणाशी बोलला नाही.
आठ पॅनेल, चार घरं.
माझ्या वाट्याला दोन बांगड्या गेल्या,
आणि स्वीडनच्या भावापाशी ठेवलेला थोडा ताठा.

जिर्जिस फोनमध्ये बघून म्हणाला, तीस अंशांत बसवू.
दुसऱ्या मजल्यावरून निरोप आला : चौतीस.
हिकमत उस्ताद, चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस,
नाकात नळी, जिना चढायची सोय नाही,
अंथरुणात बसून कोनमापकाने त्यांनी आकृती काढून पाठवली,
खाली लिहिलं :
फोनला विचार, तो कधी दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिलाय का.
चौतीस ठेवले. वाद कोण घालणार?

तेव्हापासून आमच्या दिवसाला मध्यभागी पोट सुटलंय.
धुणं अकराला. पंप साडेअकराला.
बारा ते दोन माझी इस्त्री,
आणि जिन्यात रांग :
शाळेचे गणवेश, बँकेतल्या मुलाचे शर्ट,
एकदा तर पाद्रीबाबांचा पांढरा झगा.
ढगाळ दिवशी नवरीची आई फोन करते.
मी सांगते, मुलीच्या नशिबासाठी नंतर प्रार्थना करा,
आधी वाऱ्यासाठी करा.

अबू फव्वाझ रोज सकाळी काचा पुसतो.
पाखरं माझी, तर घाणही माझीच, म्हणतो,
आणि फडकं असं पिळतं त्याच्या हातात
की वाटतं अजून आम्हाला माफ केलेलं नाही.

उस्तादांच्या श्वासाचं यंत्र
माझ्या बाल्कनीतून सोडलेल्या तारेवर चालतं.
फुकट घेणार नाही, म्हणाले.
म्हणून रोज संध्याकाळी उद्याचे ढग सांगतात.
बहुतेक वेळा चुकतात.

फेब्रुवारीत तीन दिवस सूर्य नव्हता.
चौथ्या रात्री बॅटरीवर एकतीस.
मी फ्रिज बंद केला. दिवा बंद केला.
बोटांनी चाचपून काजं भरत बसले.
कुणाला काही सांगितलं नाही.
थोड्या वेळाने वरचा टीव्ही गप्प झाला.
मग समोरच्या घराचा दिवा.
मग गच्चीवर, पिल्लांच्या खुराड्यातला
तो एक पिवळा बल्बही.
एवढी शांतता झाली की
भिंतीतून यंत्राची धाप ऐकू यायला लागली,
आत, बाहेर, आत.
मी टाके मोजायचं सोडून ती मोजत राहिले.

पहाटे सात टक्के.
मग डोंगरामागून काहीतरी राखाडी उजाडलं,
आणि सात चे आठ झाले.

फ्रिजमधलं दूध फाटलं होतं.
त्याचं पनीर करून वाटीभर खाली पाठवलं.
रात्रीचा विषय मी काढला नाही.
वाटी धुऊन परत आली, आत चिठ्ठी :
मीठ कमी आहे.
बाराला ऊन पडेल.

पडलं. साडेबाराला.
मी इस्त्री तापायला ठेवली.