सावलीची किंमत

उत्तर शुक्रवारीच निघालं होतं:
आठवड्याला चारशे बारा चादरी, एकशे नव्वद डझन टॉवेल.
याहून जास्त नफा ह्या बारा मागांतून निघत नाही.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये,
जिथं ओरडल्याशिवाय बेरीजही होत नाही,
नानांनी कागद उलटा करून पाहिला.

"बरं. आन् सूत दोन रुपयांनी चढलं तर?"
"चादरी तेवढ्याच. नफा घटेल."
"पाच रुपयांनी?"
"तेवढ्याच. साडेसहापर्यंत उत्तर हलत नाही."
"आन् सात?"
सातला सगळंच फिरतं. हा कोपरा सोडून
दुसऱ्या कोपऱ्यावर उभं राहावं लागतं.
"मंग ते सांग की आधी.
उत्तर कुणीबी देतंय.
किती दम धरतंय, ते बगायचं असतंय."

रात्री पाच्छा पेठेतल्या गच्चीवर
भिंत अजून दुपार ओकत होती.
मी एकेक अट जराशी ढिली करून पाहिली.
गोदामात नव्वद किलो सूत उरतं,
म्हणून आणखी किलोची किंमत शून्य.
माग एकवीस तास रिकामे.
शून्य.
वीज, कांड्या, रंग: शून्य, शून्य, शून्य.

मग लचमय्या येमूल.
बीम संपलं की नव्या बीमचे अडीच हजार धागे
जुन्या टोकांना एकेक गाठ मारून जोडणारे,
बोटांना खडूची भुकटी,
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
त्यांचा एक तास वाढला
तर आमच्या घरात तीनशे चाळीस रुपये जास्त येतात.
आम्ही देतो बासष्ट.

पुस्तकात याला छाया-किंमत म्हणतात.
मे महिन्यात, सोलापुरात, हा शब्द वाचून
आधी हसू आलं.

तीही सात तासांपर्यंतच.
आठव्या तासाला माग कमी पडतात, अडसर तिकडे सरकतो,
आणि लचमय्याही
सुताच्या रांगेत, शून्यावर.

सकाळी मी तो आकडा त्यांना सांगितला.
नानांना अजून नाही.
ते मागाखाली मांडी घालून बसलेले,
वर बघितलं नाही.
"आन् डोळाच गेला तर? कागद काय म्हनतो?"
"ते पल्ल्याच्या बाहेर, मामा."
"म्हंजे?"
"म्हणजे सगळं पहिल्यापासून मांडावं लागेल."
"मंग मांड की," ते म्हणाले,
"आन् जरा उजेडातनं सरक.
सोळाशे राहिल्यात अजून."